देवापुढचं लायसन्स

अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आलेल्या. नवरा अचानक गेला आणि त्याच्याबरोबर यांचे इथे राहायच्या परवानगीचे कागदही गेले. मुलगी तेव्हा इथल्या शाळेत रमली होती, म्हणून परत जाणं आज-उद्या करत राहून गेलं. आता ती कॉलेजात होती आणि तिची डिग्री होईपर्यंत इथे टिकायचं, एवढाच काकूंना ध्यास.

आमच्यासारख्या नोकरदारांची मुलं शाळेतून आणायची, त्यांना गरम वरणभात वाढायचा, हे त्यांचं काम. सगळा कारभार एका जुन्या गाडीवर चालायचा. लायसन्स नव्हतं. ते आहे का, हे आम्ही कोणी कधी विचारलंही नाही. स्वस्तात भागत होतं ना! आरशात पोलिसांची गाडी दिसली की काकूंचे हात गार पडत, हे त्यांनी मला एकदा स्वयंपाकघरात सांगितलं होतं.

मग राज्याने कायदा केला. कागद नसलेल्यांनाही लायसन्स मिळेल. फक्त विमानात बसायला ते चालणार नाही, अशा अर्थाची एक ओळ त्यावर छापलेली असेल. काकूंनी नियमांची पुस्तिका घोकली, टेस्ट दिली आणि कार्ड हातात आलं. त्या दिवशी गाडीला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, दारोदार पेढे. घरात नवं काही आलं की आधी देवापुढे ठेवायचं, ही आपली रीत. काकूंनी कार्ड देवापुढे ठेवलं, वर फूल वाहिलं, फोटो काढला आणि आमच्या मराठी ग्रुपवर टाकला.

तिथेच घात झाला. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली खरी, पण इतकी वर्षं आपली मुलं गाडीतून आणणाऱ्या बाईला लायसन्स आत्ता कसं मिळालं, हे कोणाच्या तरी डोक्यात आलं. कोणीतरी फोटो मोठा करून ती ओळ वाचली. आठवड्याभरात मुलांना आजी-आजोबा आणू लागले, कोणाची शाळेतच सोय झाली. सगळे निरोप कसे अगदी गोड!

त्यातल्या एका बापाला मी पार्किंगमध्ये गाठलं.

"ताई, आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे," तो म्हणाला. "सध्या दिवस कसे आहेत बघताय ना? उद्या काकूंना रस्त्यात पकडलं आणि मुलगा गाडीत असला तर? रिस्क कशाला घ्यायची यार!"

मी पर्समधून माझं लायसन्स काढून त्याच्यासमोर धरलं. त्यावरही तीच ओळ आहे. विमानाला चालणारं नवं कार्ड करायला जाण्याचा मला कंटाळा, म्हणून. मी इथली नागरिक.

तो हसला. "तुमची गोष्ट वेगळी आहे हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्यावर ओरडून काकूंचं एकही काम परत येणार नव्हतं. इतकी वर्षं त्या चोरून गाडी चालवत होत्या तेव्हा ही माणसं बिनघोर होती. कायद्याने चालवायला लागल्या आणि भीती वाटू लागली. मला या आपल्या माणसांची शिसारी आली, अजून येते.

काकूंची कमाई थांबली आणि मुलीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. तिला मैत्रिणीच्या घरी ठेवायचं आणि आपण नाशिकला भावाकडे जायचं, म्हणजे एका माणसाचा खर्च तरी वाचेल, असं काकूंनी ठरवलं. इतकी वर्षं कागदांशिवाय राहिल्यामुळे एकदा गेल्या की अनेक वर्षं त्यांना इकडे यायला मिळणार नव्हतं. आणि मुलीचे कागद आईसारखेच, म्हणजे नव्हतेच. ती देशाबाहेर पडली तर तिलाही परत येता येणार नव्हतं.

विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेले. मुलगी एरवी इंग्रजीतच बोलायची. आईला मिठी मारून ती मराठीत म्हणाली, "आई, दिवाळीला येते मी."

काकूंनी तिचे केस कानामागे सारले.

"ये हं," त्या म्हणाल्या. "करंज्या करून ठेवते."