ह्यांच्या पायाचा ब्रेक

आमच्या ह्यांचा उजवा पाय घरीसुद्धा ड्यूटीवर असायचा. टीव्हीवर एखादी गाडी जोरात आली की इकडे खुर्चीत बसल्या बसल्या हे ब्रेक दाबणार. "अहो, फरशीला भोक पडेल एक दिवस," मी ओरडायची. हे नुसते हसायचे. आधी डेपोत गाड्या धुतल्या, मग अर्धं आयुष्य बस चालवली. उभ्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून थांबण्याआधी एकदा हलकेच दाबायचा, जरा सोडायचा, मग पुरता दाबायचा, ही ह्यांची पद्धत. डोळे मिटून बसले तरी मला कळायचं, आज गाडीवर हेच आहेत.

मग बिनड्रायव्हरच्या बस आल्या. साहेबांनी ह्यांना बोलावून सांगितलं, तूर्त नोकरी आहे. सीटवर बसायचं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बस काही चुकलीच तर ब्रेक दाबायचा आणि का दाबला ते समोरच्या माईकमध्ये बोलायचं. त्यातून ती शिकणार. दाबायची वेळच येईनाशी झाली की सीटवर माणूस लागणार नाही.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे जितकं नीट शिकवाल तितक्या लवकर घरी बसाल! निवृत्तीला चार वर्षं बाकी, मुलीचं शिक्षण अर्धवट, आणि माझ्या शिवणकामावर काय घर चालणार, डोंबल?

"मग शिकवूच नका," मी म्हटलं. "चुकू दे मेलीला. चुकत राहिली तर तुम्ही लागाल."

"अगं, पण आत माणसं असतात," हे म्हणाले. घ्या!

त्या मार्गावर एक काठीवाली आजी आहे. थांबा तिच्या गल्लीपासून तसा जवळच, पण तिच्या गुडघ्यांना तो दुसऱ्या गावात असल्यासारखा. दवाखान्यात पायाची मलमपट्टी करून घ्यायला जाते बिचारी. ती कोपऱ्यावरच उभी राहून काठी वर करायची आणि हे वर्षानुवर्षं तिथेच बस थांबवत आले. नव्या बसला हे कोण सांगणार? ती सरळ पुढे निघाली. पहिल्याच दिवशी ह्यांनी ब्रेक दाबला आणि माईकमध्ये बोलले, "आजी आहेत. या कोपऱ्यावर कुणी असा हात नाहीतर काठी वर केली की थांबायचं. फुटपाथला चिकटून थांबायचं, नाहीतर पायरी उंच पडते."

घरी येऊन मला हे सगळं रंगवून सांगत होते. मी भांडी आपटली. म्हटलं, "त्या माईकशी जेवढं गोड बोलता तेवढं माझ्याशी बोलला असतात तर! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, कळतंय का?"

"कळतंय," म्हणाले, आणि ताट धुवायला उठले.

मग रोज तेच. रोज हे दाबायचे, रोज समजावायचे. मी आपली मनातल्या मनात त्या बसला विनवायची, अशीच ढ राहा गं बाई.

एका दुपारी हे घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. "आज मी पाय हलवलाच नाही," म्हणाले. "तिनं काठी पाहिली आणि आपणहून थांबली. अगदी फुटपाथला चिकटून." मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा जसं हसले होते तसं हसत होते, आणि डोळे भरलेले. मला असा संताप आला! "मग नाचा आता," असं म्हणून मी आत निघून गेले आणि पदरात तोंड घालून रडले.

पुढे थोड्याच दिवसांत साहेबांनी ह्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. माणूस चांगला आहे, त्यालाही वाईट वाटलं असणार. पण सीट रिकामी झाली ती झालीच.

आता हे घरीच असतात. मी शिवलेल्या कपड्यांना बटणं लावून देतात. टीव्हीवर गाडी अंगावर आली तरी पाय जागचा हलत नाही. फरशीची काळजी मिटली, पण घर मला खायला उठतं.

परवा कपड्यांचं गाठोडं घेऊन दुकानात निघाले. थांब्यावर गेलेच नाही, मुद्दाम आजीच्या कोपऱ्यावर उभी राहिले. बस आली. पुढची सीट रिकामी. मी हात वर केला आणि मनात म्हणत होते, जा, जा पुढे, थांबू नकोस. एकदा तरी चूक. मग घरी जाऊन सांगेन, अहो, तुमच्यावाचून अडतं हो तिचं अजून.

ती थांबली. आधी हलकेच दाबल्यासारखी, मग जराशी सुटली, मग पुरती. आत उभ्या असलेल्या बाईचा तोलही गेला नाही. दार उघडलं, तर पायरी अगदी फुटपाथला चिकटलेली. माझं पाऊलच उचलेना.

"अहो, चढा ना! काय झालं?" ती बाई म्हणाली.

काय सांगणार तिला? माझ्या नवऱ्याचा पाय होता तो. मी चढले, रिकाम्या सीटच्या मागे गाठोडं पोटाशी धरून उभी राहिले, आणि दुकान येईपर्यंत कशाचाही आधार घेतला नाही.