तारेवरचं ओलं लुगडं

कल्पना करा, रेडिओवर दोन स्टेशनं मिसळलीत आणि तुम्हाला त्यातलं एकच ऐकायचंय. जिंतूरचे रेडिओ-दुरुस्तीवाले सूर्यभानराव एरियलला दोन समांतर तारा जोडून त्या अंगणात ताणत, दुसरं टोक मोकळं सोडत आणि नको ते स्टेशन गप्प होईपर्यंत तारा थोड्याथोड्या कापत; कोणतं स्टेशन गप्प होणार, ते तारांच्या मापावर ठरे.

१९५६ साली एका दुपारी त्यांच्या मेव्हण्याचं भजन लागणार होतं. ऐनवेळी, आधी गप्प केलेलं स्टेशन पुन्हा बोलायला लागलं. बाहेर पाहतात तर बायकोनं, वच्छलाबाईंनी, तारांवर ओलं लुगडं वाळत घातलेलं!

“भावाचाच गळा आवळलास की!”

“मग दोरी कधी बांधून दिली तुमी?”

लुगडं काढताच भजन स्वच्छ आलं. दोघंही खूश झाले.

सूर्यभानराव मात्र पुढं कित्येक वर्षं विचारत, तार तेवढीच होती, मग ओल्या कापडानं तिचं माप बदललं कसं?