गिटारीवाचून डॉईल प्रूइट

टेक्ससच्या पश्चिमेकडील कापसाच्या पट्ट्यात डॉईल प्रूइटला ओळखत नाही असा माणूस नव्हता. मात्र त्यांतले निम्मे ही ओळख पोलिसांपुढे कबूल करत नसत. वर्तमानपत्रे त्याला बंडखोर गायक म्हणत. तीन लग्ने, दोन तुरुंग आणि एक जळालेली बस एवढा संसार त्याने एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत केला होता. त्याची आई ओलेटा हिने सारे पोटात घातले. "बायबलातल्या शलमोन राजाला सातशे बायका होत्या. तू तीनवर थांबलास, कौतुकच आहे," असे ती म्हणे. त्याच्या गुत्त्यातल्या गाण्यांची एकही तबकडी मात्र तिने कधी ऐकली नव्हती.

एक्क्याऐंशीव्या वर्षी तिचा डावा कान गेला. उजवाही फार तर नाताळापर्यंत साथ देईल, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा डॉईलने ठरवले की आई ऐकेल अशी एक तरी तबकडी काढायची. तिच्या चर्चच्या मंडळीत गायली जाणारी स्तोत्रे गायची.

घेवडा वाढता वाढता तिने विचारले, "गिटार असणार का त्यात?"

"असणारच. गिटार काढली तर मी म्हणजे नुसतं पोट."

"मग मी नाही ऐकणार."

तिच्या मंडळीत उपासनेला वाद्य वर्ज्य होते. गळा देवाने दिला, तार माणसाने ताणली, इतके सरळ शास्त्र. तुरुंगाला क्षमा होती, गिटारीला नव्हती.

"दावीद राजा वीणा वाजवायचा, आई."

"तो देवाच्या पवित्र कोशापुढं अर्धा उघडा नाचलाही होता. ते तुझं अमारिलोच्या स्टेजवर करून झालंय. दाविदाचं तेवढं बास."

अखेर एका बुधवारी दुपारी ध्वनिमुद्रणाचे यंत्र मंडळीच्या प्रार्थनागृहात आले. डॉईलचे वादक बाहेर गाडीत पत्ते कुटत बसले. आत बाकांवर ओलेटा धरून आठ वृद्ध गायक होते. स्तोत्र उचलून द्यायचे, म्हणजे सुरू करून द्यायचे, ते पुरुषाने, आणि तेही तोंडानेच सूर धरून. मंडळीचे वडीलधारे पुढारी ब्रदर स्टोव्हॉल डॉईलजवळ आले, त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाले, "चालेल. कर सुरुवात."

हातांचे काय करावे, हे डॉईलला कळेना. त्याने ते खिशात घातले. आईने डोळे वटारले. बाहेर काढून पोटावर जुळवले, तर शवपेटीत ठेवलेल्या माणसासारखा दिसू लागला. पस्तीस वर्षे त्याला सूर गिटारीने दिला होता. भीतीपोटी त्याने तो दोन स्वर वर धरला.

एकदा उचललेले स्तोत्र मध्ये थांबवायचे नाही, चारही कडवी पुरी करायची, असा तिथला दंडक. पहिले कडवे घमेंडीवर गेले, दुसरे कोंडलेल्या श्वासावर. तिसऱ्यात जुन्या चादरीसारखा त्याचा आवाज टर्रकन फाटला. तो तोंड उघडे टाकून उभा राहिला. लालबुंद झालेल्या म्हाताऱ्यांनी गाणे ओढत नेले. ओलेटा नेहमी खालच्या पट्टीत साथ करी, त्यामुळे त्या चढलेल्या सुरात ती एकटीच सुखात होती.

"छान," यंत्रावर बसलेला गेलॉर्ड म्हणाला. "पुन्हा एकदा घेऊ, जरा खालून."

"कशाला?" ओलेटाने विचारले. "ज्याच्यासाठी गायलो, त्यानं ऐकलंय."

"डॉईल, हे असं नेलं तर कंपनी माझा जीव घेईल."

डॉईलने आईच्या उजव्या कानाकडे पाहिले. "मग आत्ताच गुडघे टेकून घे," तो म्हणाला. "जागा योग्य आहे."

नोव्हेंबरमध्ये तबकडी आली. ओलेटाने उजवा कान तबकडी वाजवणाऱ्या पेटीला लावला आणि पहिल्याच ओळीपासून आपला भाग मोठ्याने गायला सुरुवात केली. त्या आवाजापुढे डॉईलचा एक शब्द ऐकू येईना. इतका खटाटोप करून आई पुन्हा स्वतःलाच ऐकते आहे, हे पाहत तो हात मांडीवर टाकून बसून राहिला.

तिसऱ्या कडव्यात ती थांबली. आवाज फाटला ती ओळ तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

"फार वर धरलंस," ती म्हणाली, आणि चौथे कडवे तिने उचलले.