बाबांचा सर्जन डार्मश्टाटमध्ये

सांगली सोडली त्या दिवशी मुंबई विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत बाबांनी मला एकही उपदेश केला नाही. आई मागच्या सीटवर लाडवांचा डबा वजनात बसेल ना, या काळजीत होती, मी पर्समधला पासपोर्ट सारखी चाचपत होते, आणि बाबा पार कराड मागे पडेपर्यंत एका सिनेमाची गोष्ट सांगत होते. "अहो, पोरगी एकटी जर्मनीला चाललीय, काहीतरी कामाचं सांगा की!" आई शेवटी वैतागली. "हे कामाचंच आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढचा सीन सुरू केला.

तुम्ही सांगलीत राहिलेली मंडळी बाबांना डॉक्टर म्हणून ओळखता. गावभागातला त्यांचा दवाखाना, इंजेक्शन देतानाचे ते फालतू विनोद, सगळं तुम्हाला पाठ आहे. पण डॉक्टरकीखालोखाल त्यांचं कशावर प्रेम असेल तर ते जुन्या हॉलिवूडच्या हॉस्पिटलपटांवर. मिरजेला मेडिकलला असताना रविवारी मॉर्निंग शोला इंग्रजी सिनेमे लागायचे. ब्लॅक अँड व्हाइट, कडक इस्त्रीच्या टोप्या घातलेल्या नर्सेस, काचेपलीकडून ऑपरेशन बघणारे विद्यार्थी, आणि सतत घाईत असलेले देखणे सर्जन. बाबा आणि त्यांची गँग तिथे पडीक असायची.

त्यातला एक सिनेमा बाबांच्या मनात घर करून बसला. त्यात सर्जन झाला होता एक विनोदी नट. शिडीवरून पडणारा, पँटवर रंग सांडून घेणारा, सगळ्या जगाला हसवणारा. पडद्यावर तो पांढऱ्या कोटात आला आणि मिरजेचं थिएटर खो खो हसलं. मग ऑपरेशन फसतं, मुलगा दगावतो, आणि बाहेर बाकावर त्याची आई बसलेली असते. लोक अजून खुसखुसत होते. तो नट तिच्यासमोर येतो. आधी एक हातमोजा काढतो, मग दुसरा, आणि तिच्या शेजारी बाकावर बसतो. बस्स. "अगं, थिएटरात पंखा ऐकू येत होता," बाबा म्हणायचे. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला त्या नटाची चाल करून दाखवता येते.

२०११ मध्ये मी डार्मश्टाटला मास्टर्ससाठी आले. पुढचं तुम्हाला, म्हणजे माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना, सांगायला नको. पत्त्याच्या नोंदणीची आनमेल्डुंग, भाड्याची वोनुंग शोधताना झालेली दमछाक, थर्मोडायनॅमिक्सने काढलेला घाम, मग पीएचडी. इथल्या थिएटरात परदेशी सिनेमे जर्मनमध्ये डब करून दाखवतात. काऊबॉयसुद्धा फाडफाड जर्मन बोलतो. मी फोनवर हे सांगितलं की बाबा हळहळायचे.

मध्ये आई गेली. बाबांनी दवाखाना बंद केला. २०१६ च्या शरदात महत्प्रयासाने मी त्यांना तीन महिन्यांसाठी इथे आणलं. माझ्या मनात खूप काही होतं. त्यांना इथे आवडलं तर दरवर्षी येतील, सांगलीत टीव्हीसमोर एकटे जेवणार नाहीत. पण बाबांना करमेना. रविवारी रस्ते रिकामे, दुकानं बंद, शेजारी 'हालो' म्हणून दार लावून घेणारे. "मनू, इथे माणसं राहतात की नुसत्या सायकली?" ते खिडकीतून विचारायचे. ज्या माणसाला दिवसभर पेशंटांशी गप्पा मारायची सवय, तो माझ्या दोन खोल्यांत गप्प बसून राहायचा. आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तिकीट अलीकडचं करून मिळतं का गं?"

ते आता गेले असते तर पुन्हा आले नसते. वेबसाइट बंद आहे असं मी ठोकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी जड मनाने युनिव्हर्सिटीत गेले. आणि मेन्साच्या दारावर, म्हणजे आमच्या कँटीनच्या दारावर, ते पोस्टर! विद्यार्थ्यांचा फिल्म क्लब दर मंगळवारी संध्याकाळी जुने हॉलिवूडचे हॉस्पिटलपट दाखवणार होता. मूळ इंग्रजीत, खाली जर्मन अक्षरं. आणि दुसऱ्याच मंगळवारी चक्क तो सिनेमा! पांढऱ्या कोटातला तो विनोदी चेहरा बघून मी तिथे उडीच मारली. जेवण राहिलं बाजूला, घरी फोन लावला. "बाबा, तुमचा सर्जन येतोय!" बाबांनी लगेच विचारलं, "सबंध सिनेमा दाखवणार का गं? कापलेला नको."

मंगळवारी बाबांनी सूट घातला. हो, सूट. आजूबाजूला पोरं जीन्समध्ये, हातात बिअरच्या बाटल्या. "लेक्चर हॉलमध्ये बिअर?" बाबांचे डोळे विस्फारले. मी परीक्षेत घाम गाळला तोच हा होअर्साल, म्हणजे लेक्चर हॉल, उतरत्या लाकडी बाकांचा. अंधार झाला. नट पांढऱ्या कोटात आला आणि ही जर्मन पोरंसुद्धा हसली. अगदी मिरजेसारखी! मला राग आला, पण बाबांनी माझा हात दाबला. "हसू देत. थांब जरा." पुढे हातमोज्यांचा सीन आला तेव्हा सगळा हॉल गप्प होता. गोष्ट इतक्यांदा ऐकल्यावर सिनेमा फिका वाटेल अशी मला भीती होती. तसं अजिबात झालं नाही. मी डोळे पुसले, आणि बाबा पडद्याकडे बघत शांत हसत होते.

दिवे लागल्यावर कात्रिन नावाची क्लबची मुलगी पुढे आली आणि कुणाला काही बोलायचंय का विचारलं. बाबा उभे राहिले. मला घामच फुटला. आपल्या मिरज छापाच्या इंग्रजीत ते म्हणाले की हा सिनेमा मी विद्यार्थी असताना पाहिला. पुढे हॉस्पिटलात पहिल्यांदाच एका बापाला वाईट बातमी सांगायची वेळ आली. तेव्हा हा नट आठवला. मी आधी हातमोजे काढले आणि त्या माणसाशेजारी बसलो. जन्मभर तसंच करत आलो. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही, एका विदूषकाने शिकवलं.

आणि मग सबंध हॉल बाकं बडवायला लागला. ठक ठक ठक ठक!

बाबांचा चेहरा पडला. ते मटकन बसले आणि कोट गोळा करायला लागले. "चल मनू. आवडलं नाही पोरांना. उगाच बोललो." मला कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. मिरजेला एखादा सर कंटाळवाणं शिकवायला लागला की पोरं बाकं बडवून त्याला हाकलून द्यायची. बाबा स्वतः त्यात पुढे असायचे! मला हसू आणि रडू एकदमच आलं. "अहो बाबा, बसा! टाळ्या आहेत त्या! इथे लेक्चर आवडलं की बाकच वाजवतात. प्रोफेसरांना असंच करतात!" बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी वळून पाहिलं. मागची पोरं हसत त्यांच्याकडेच बघत होती आणि बोटांच्या पेरांनी अजून बाक वाजवत होती. "खरं सांगतेस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. बाबांनी कोट पुन्हा बाकावर ठेवला, टाय सारखा केला आणि परत उभे राहिले. सिनेमातला मास्क नाकाखाली घालून ऑपरेशन करणारा तो मदतनीस, वॉर्डात सिगारेट ओढणारे मोठे डॉक्टर, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. हॉल हसत होता. आता त्यांना खाली बसवायची वेळ माझ्यावर आली!

तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही. दर मंगळवारी कात्रिन बाबांसाठी पुढचं बाक धरून ठेवायची आणि सिनेमा संपला की सगळे आपोआप त्यांच्याकडे बघायचे. बाबा 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायला शिकले आणि बेकरीतल्या बाईंपासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांवर तो शब्द फेकत सुटले. माझे शेजारी मला नावाने ओळखायला लागले, पण डॉक्टरांची मुलगी म्हणून. इतकी वर्षं इथे राहून मला न जमलेलं बाबांनी काही आठवड्यांत केलं.

तीन महिने झाल्यावर ते सांगलीला परतले. मी थांबवलं नाही, ते थांबलेही नसते. त्यांना फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडून रिकाम्या घरी आले आणि खूप रडले. घर म्हणजे सांगली, आपण इथे फक्त कामाला आलोय, हे मी इतकी वर्षं स्वतःला बजावत होते. माणूस जिथून निघतो तेच त्याचं घर, असं मला वाटायचं.

दोनच दिवसांनी सांगलीहून फोन आला. मागे आपल्या गल्लीतला गलका, कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मला विचारायचं होतं, जेवलात का, घर कसं आहे. पण बाबांनी बोलूच दिलं नाही. घाईघाईने विचारलं, "मनू, आपल्याकडे या मंगळवारी कुठला सिनेमा आहे गं?"