ढोरपाद्र्याची सुई

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते सांगतो. आमच्या बोरी गावात बुळकांडी, ती ढोरं मारणारी साथ, ढोरपाद्र्याच्या सुईनं आली नाही. ती माझ्या तांबड्या बैलानं आणली, आणि तांबडा आजारी आहे हे मला ठाऊक होतं.

ढोरपाद्री म्हणजे मिशनचा ढोरांचा डॉक्टर. पाद्री नव्हताच तो. पण सुई टोचण्याआधी जनावराच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटायचा, म्हणून गावानं हे नाव पाडलं. निजामाचं राज्य, सरकारी दवाखाना लांब. नाइलाजानं आम्ही त्याला बोलवायचो. त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचो आणि तो गेला की गोठ्यात गोमूत्र शिंपडायचो. शिंपडणारा मीच. त्यानं वाचवलेली म्हैस चालायची, तिचं दूध चालायचं. हात तेवढा चालत नव्हता. असली आमची पाटीलकी!

"म्हशीला बाटवायलास का रे?" वडील हिणवायचे.

"न्हाई मालक. माझाच हात थरथरू नये म्हनून देवाला इनवतो. म्हस काय, तुमच्यापेक्षा गुमान उभी राहती."

त्याची जीभ ही अशी. अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बेसूर भजनं म्हणायचा. गाय व्याली की वडील चीक देऊ करायचे, तर "वासराचा हाय तो" म्हणून तसाच निघायचा. मला त्याचा तिटकारा होता. तो आम्हाला पुरता ओळखून होता, याचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं तांबड्याच्या तोंडात पाहिलं. "बुळकांडी हाय. मळ्यातच बांधा. वेशीत नेऊ नका."

"मानाचा बैल आहे. नाही नेला तर मान भावकीत जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या की! एक दिस देव म्हनता, वर्षभर आर टोचता. येवढा एक दिस तरी निजू द्या त्याला."

मी तांबड्याचे गळके डोळे पुसले, झूल चढवली आणि गावच्या सगळ्या बैलांपुढं त्याला वेशीतून मिरवलं.

मग एकेक गोठा ओस पडू लागला. लोकांनी ढोरपाद्र्याला चावडीवर ओढत आणलं. "ह्याच्या सुईनंच रोग आला!"

तो माझ्याकडं वळला. "मालक, तुमी सांगा."

"सुई तर ह्यानंच टोचली," मी म्हणालो.

त्याच्या बाटल्या फोडल्या. गावाबाहेर हाकलताना तो ओरडत होता, "आजारी ढोरांचं पानी येगळं ठेवा रे!" तो सांगतोय म्हणूनच कुणी ठेवलं नाही. मीही नाही.

तो परत आला नाही. पुढं वारल्याचं कळलं. ढोरपाद्र्यानं बैल मारले, असंच बोरीत अजून सांगतात आणि मी मान डोलावतो. कागदावर लिहिणं सोपं आहे. चावडीवर उभं राहून, गावाच्या तोंडावर हे बोलणं मी त्याला अजून देणं लागतो.