पाण्याला जेवू घालणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं माशांना नव्हे, पाण्याला जेवू घालतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जन्मभर कँटीनमध्ये शेकड्यांनी माणसं जेवू घालून निवृत्तीत बाईंचं डोकं फिरलं. पण त्यांचं डोकं शाबूत होतं. फिरायची पाळी आमची होती.

घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ताडपत्रीच्या दोन गोल टाक्या मांडल्या आणि त्यांत कार्प माशांची पेराएवढी पिल्लं सोडली. पिल्लं खातात, घाण करतात आणि त्या घाणीचं पाण्यात विष होतं. मग वन्सं त्यात थोडा भाताचा कोंडा आणि साखर कारखान्यातली काळी मळी ओततात. त्या गोडावर जिवाणू पोसतात, विष गट्ट करतात, त्यांचे बारीक तपकिरी गोळे होतात आणि पिल्लं तेच गोळे खातात.

"मळी लगेच लागू पडते, कोंडा सावकाश," वन्सं सांगतात. "पाहुण्याला आधी चहा, मग जेवण. तसंच हे."

आता शेडची गोष्ट. आमच्या ह्यांना ती टेम्पो उभा करायला हवी होती. भावाबहिणीत ठरलं की ही पिल्लं बोटभर होऊन ती विकत घेणाऱ्या तळेवाल्याला पसंत पडली तर शेड ताईची, नाहीतर टाक्या गुंडाळायच्या. तेव्हापासून हे टेम्पोवरची धूळ पुसताना सगळ्या गल्लीला ऐकू जातील असे सुस्कारे सोडू लागले. मी कोणाच्या बाजूने होते ते विचारू नका. दोघांचं ताट मलाच वाढायचं असतं.

तळेवाला यायच्या आठवड्यात वन्सं एका दिवसासाठी लेकीकडे गेल्या. परत येऊन बघतात तर एका टाकीतलं पाणी काचेसारखं लख्ख! ह्यांनी पिल्लं टबात काढली होती, तपकिरी पाणी उपसून फेकलं होतं, टाकी घासली होती आणि बोअरचं ताजं पाणी भरलं होतं. वर पिल्लांना मूठमूठ जास्तीचं खाद्यही घातलं होतं.

पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. वन्संनी काचेच्या नळीत पाणी घेऊन विष तपासायच्या औषधाचे थेंब टाकले आणि पाणी गर्द हिरवं झालं. विष वाढलं होतं, आणि ते खाणारं कोणी टाकीत उरलं नव्हतं.

"शेडसाठी माझी पिल्लं मारायला निघालास?" वन्संचा आवाज फाटला.

एरवी एकाला चार उत्तरं देणारे हे धावत जाऊन बादल्या घेऊन आले. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली.

मग वन्सं पदर खोचून कामाला लागल्या. खाद्य बंद केलं. दुधाला विरजण लावावं तसं शेजारच्या टाकीतलं तपकिरी पाणी बादलीने आणून ओतलं. मळी संपत आली होती, म्हणून माझा साखरेचा डबा उपडा झाला.

"एकदम ओतू नकोस," त्यांनी ह्यांना दटावलं. "जिवाणू हपापले की सगळी हवा तेच ओढतील. हवेच्या पंपावर लक्ष ठेव."

ह्यांनी पंपाजवळ ठाणच मांडलं. साखरपाणी थोडंथोडं सोडायचे, ढवळायचे, पुन्हा नळी बघायचे. घरात बिनसाखरेचा चहा सुरू झाला, पण एका शब्दाने कुरकूर नाही! तेव्हा मला शंका आली.

"खरं सांगा, मुद्दाम केलंत?"

"अगं, तळेवाला तसलं गढूळ पाणी बघून नाक मुरडेल म्हणून..." त्यांनी नळी उजेडाला धरली. "ताईची पिल्लं नाकारली असती त्याने."

मी तशीच वन्संकडे गेले आणि सांगितलं. त्या दुसऱ्या टाकीचा काठ धरून खूप वेळ हसल्या, मग डोळे पुसले आणि पंपाजवळ जाऊन भावाला म्हणाल्या, "गाढवा!" इतक्या मायेने गाढव म्हणवून घ्यायला मिळालं तर मीही टाकी घासीन.

काही पिल्लं गेली, पण बाकीची सावरली आणि पाण्याला पुन्हा चहाचा रंग चढला. तळेवाल्याने जाळी बुडवली. पिल्लं अशी उसळली की त्याचा सदरा भिजला. "दोन्ही टाक्यांतली द्या," तो म्हणाला.

पिंपं टेम्पोत चढली. हे इतक्या सावकाश निघाले की सायकलवाले पुढे जात होते. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी टेम्पो शेडच्या दाराशी न आणता कुंपणाबाहेर लावला.

"शेडमध्ये तिसरी टाकी मावेल, ताई," ते म्हणाले. "टेम्पो राहील बाहेर. तो काय तोंड उघडून वर येणार आहे?"