पाचनंतरचा शिक्का

आमची मावशी एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कचेरीत स्वागतकक्षात बसते. येणाऱ्या कागदांवर तारखेचा शिक्का मारायचा आणि सूचनाफलकावर जाहिराती लावायच्या, हे तिचं काम. पाच वाजून गेले की शिक्क्यावरची तारीख ती पुढच्या दिवसाची करते. नियमच तसा आहे, आणि एकोणीस वर्षांत तिने तो खुद्द संचालकांसाठीही मोडला नाही.

एका संध्याकाळी जाता जाता व्यवस्थापकाने तिच्या हातात पत्र ठेवलं. पद रद्द, वर्षअखेरीस करार संपणार. पुढच्याच आठवड्यात एका नव्या पदाची जाहिरात तिनेच फलकावर लावली. पदाचं नाव नवं, काम मात्र हुबेहूब तिचंच!

मी वकील. "बघतोच त्यांना!" म्हणत शहरातल्या कोर्टात दावा ठोकला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, या संस्थेवर आपल्या कोर्टाचा अधिकार चालत नाही. त्यांचं न्यायाधिकरण वेगळं. त्याआधी संस्थेकडे फेरविचाराचा अर्ज द्यायचा, पत्र मिळाल्यापासून साठ दिवसांत."

माझ्या शहाणपणात अठ्ठावन्न दिवस उडाले होते. लाजेने मेल्यासारखं झालं.

साठाव्या दिवशी अर्ज घेऊन धापा टाकत कचेरीत पोहोचलो. पाचला दहा कमी. पुढे चौघं उभे.

"मावशी, आधी माझा घे ना!"

"रांगेत राहा."

माझा नंबर आला तेव्हा पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. तिने शांतपणे तारीख फिरवली.

"अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतेस!"

"इतरांच्या वेळी फिरवतेच ना? मग?"

मी इतका चिडलो की निरोप न घेताच निघालो.

अर्ज अर्थातच फेटाळला गेला आणि प्रकरण न्यायाधिकरणापुढे आलं. संस्थेचा वकील ऐटीत म्हणाला, "अर्ज एकसष्टाव्या दिवशी आला. त्यावर बाईंचाच शिक्का आहे."

"आणि पत्र त्यांना कधी मिळालं?" न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी विचारलं.

मूळ पत्र पुढे आलं. त्यावरही मावशीचा शिक्का होता, दुसऱ्या दिवसाचा. व्यवस्थापकाने ते पाच वाजून दहा मिनिटांनी दिलं होतं.

अध्यक्षांनी बोटांवर दिवस मोजले. "मग साठच झाले की!"

त्यानंतर फलकावरच्या त्या जाहिरातीचा विषय निघाला, आणि काम तेच असल्याने पद खरं रद्द झालंच नव्हतं, असं न्यायाधिकरणाने ठरवलं. मावशीची नोकरी वाचली.

निकालाची प्रत घेऊन मी तिच्या टेबलापाशी धावलो. तिने दोनदा वाचली. डोळे भरून आले. मला तर रडूच फुटलं.

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून चार मिनिटं. तिने तारीख फिरवली आणि शिक्का मारला.

या खेपेला मी तिचा रीतसर निरोप घेऊनच निघालो.